कानाला एकच, कागदावर तीन: इंग्रजीतले सारखे ऐकू येणारे शब्द

सोसायटीच्या लिफ्टजवळ नोटीस लागते ना, टाकी साफ करायची आहे, दोन दिवस पाणी येणार नाही वगैरे, आणि खाली इंग्रजीत विनंती असते ‘प्लीज बेअर विथ अस’. जरा सांभाळून घ्या, असा अर्थ. या बेअरचं स्पेलिंग बी-ई-ए-आर. पण बऱ्याच नोटिशींत ते बी-ए-आर-ई असं छापलेलं असतं, आणि बी-ए-आर-ई म्हणजे उघडा. म्हणजे सेक्रेटरीसाहेबांनी अख्ख्या बिल्डिंगला आमच्याबरोबर कपडे काढा अशी नम्र विनंती केलेली असते, खाली सही-शिक्क्यासकट. साधा स्पेलचेक तिथे लाल रेघ मारत नाही, कारण दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत, दोन्हींचं स्पेलिंग बरोबर आहे, मग त्याचं काय जातंय.

अशा शब्दांना होमोफोन म्हणतात. आवाज एक, अर्थ वेगळे, आणि बहुतेक वेळा स्पेलिंगपण वेगळं. याचा उलटा प्रकारही आहे, स्पेलिंग एक आणि आवाज दोन, म्हणजे एल-ई-ए-डी हे लीड वाचलं तर पुढाकार आणि लेड वाचलं तर शिसं. त्यात पुन्हा पुढाकारवाल्या लीडचा भूतकाळ लेड, पण त्याचं स्पेलिंग एल-ई-डी, त्यामुळे चांगलं इंग्रजी लिहिणारेसुद्धा तिथे शिसं ओतून ठेवतात. पण ते राहू दे, आज फक्त कानाला सेम वाटणाऱ्यांबद्दल.

शाळेत हे शिकवायची पद्धत ठरलेली आहे. दोन रकाने, डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याचा जुळा, आणि पाठ करा. माझं मत विचाराल तर ही यादीच घोळ घालते, कारण जे दोन शब्द डोक्यात वेगवेगळ्या जागी राहायला हवेत ते शेजारी बसवून पाठ केले की पुढे आयुष्यभर एक आठवला की दुसरा त्याचा हात धरून येतोच. त्यापेक्षा हे शब्द मुळात सारखे झाले कसे हे एकदा समजून घेतलं की बरंचसं पाठांतर वाचतं. आणि दुसरी गोष्ट, जी इंग्रजांच्या पुस्तकात सापडणार नाही, ती म्हणजे आपल्या मराठी तोंडात जे शब्द सारखे होतात त्यातले कितीतरी इंग्रजांच्या तोंडात सारखे नसतातच. ते आपण केलेले जुळे आहेत. त्याकडे नंतर येऊ.

आधी हे सारखे नव्हतेच

नाइट घ्या. रात्रवाला एन-आय-जी-एच-टी, आणि घोड्यावर चिलखत घालून बसलेला तो पुढे के लावून. आज दोघेही नाइट. पण सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्रज रात्रीला साधारण ‘निख्त’ म्हणायचा आणि त्या घोडेस्वाराला ‘क्निख्त’. के ऐकू यायचा, आणि जी-एच पण ऐकू यायचं, घशातून खरवडल्यासारखा ख. जर्मन लोक आजही रात्रीला ‘नाख्त’ म्हणतात. त्यांच्यात ‘क्नेख्त’ असाही शब्द आहे, के चांगला ठणकावून म्हणतात, तो याच नाइटचा सख्खा भाऊ, फक्त तिकडे त्याचा अर्थ गडी, नोकर असा राहिला आणि इंग्लंडात त्याला सर पदवी मिळाली. आपल्याकडे दिवसभर उपास करून रात्री एकदाच जेवायचं त्याला नक्त म्हणतात, जुन्या बायकांच्या तोंडी असायचा हा शब्द. ते नक्त म्हणजे संस्कृतातली रात्रच, आणि ती इंग्रजी नाइटची चुलत बहीण आहे. जिथे आपण क म्हणतो तिथे त्यांचं ते जी-एच बसलंय.

तर बोलण्यातून आधी तो घशातला ख गेला, मग सतराव्या शतकाच्या आसपास नी म्हणजे गुडघा, नॉट म्हणजे गाठ, नो म्हणजे माहीत असणे, या शब्दांच्या सुरुवातीचा के गळला, लिहिण्याच्या राइटच्या सुरुवातीचा डब्ल्यू गळला. लिहिण्यातून मात्र काहीच गेलं नाही. का, तर छपाई आली. विल्यम कॅक्स्टन नावाच्या माणसाने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना टाकला. त्याआधी सगळं हाताने लिहायचं, आणि जो तो आपापल्या गावचा उच्चार कानाला येईल तसा लिहायचा, एकाच पानावर एकच शब्द दोन तऱ्हेने असला तरी कोणाला काही वाटत नसे. छापखान्यांमुळे पुढच्या दीड-दोनशे वर्षांत स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली, आणि गंमत म्हणजे नेमक्या त्याच काळात बोलणं सगळ्यात जास्त बदलत होतं. दारावरची पाटी जुन्याच भाडेकरूची राहिली आणि आत माणसं बदलली, असं झालं ते. आपण आज जे सायलेंट सायलेंट म्हणून वैतागतो ती सगळी जुनी माणसं आहेत, एके काळी आवाज करणारी.

नुसती व्यंजनं गेली असती तर निभावलं असतं, पण स्वरांनी जास्त धमाल केली. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले सगळे लांब स्वर आपापल्या जागेवरून सरकले. याला ग्रेट व्हॉवेल शिफ्ट म्हणतात. नाव भारी आहे पण भानगड सोपी आहे, आ होता तो ए कडे गेला, ए होता तो ई झाला, ओ होता तो ऊ झाला, आणि ई-ऊ ना वर जायला जागा नव्हती म्हणून ते फुटून आइ-आउ झाले. इंग्रजीतला ‘नेम’ हा आधी चक्क ‘नाम’ होता, अगदी आपल्यासारखा, शेवटी थोडा अ लावून. म्हणूनच त्याच्या स्पेलिंगमध्ये अजून ए आहे, तो आ वाचायचा ए.

आता यात जुळे कसे तयार झाले बघा. भेटणे या अर्थाचं मीट डबल ई ने लिहितात, आणि मटणवालं मीट ई-ए ने. आधी भेटायचं ते ‘मेऽट’ होतं, आणि खायचं ते तोंड अजून जरा उघडून, ए आणि ॲ यांच्या मधलं काहीतरी. दोन वेगळे आवाज, म्हणून दोन वेगळी स्पेलिंगं, कोणाची तक्रार नाही. मग डबल ई वाले सगळे सरकत ई वर जाऊन बसले, आणि ई-ए वाले त्यांच्या मागून एक एक पायरी चढत शेवटी तिथेच पोचले. झाले सेम. एकदा हे कळलं की एका फटक्यात आख्खी रांग कळते: सी म्हणजे बघणे आणि सी म्हणजे समुद्र, वीक म्हणजे आठवडा आणि वीक म्हणजे अशक्त, स्टील म्हणजे पोलाद आणि स्टील म्हणजे चोरणे, हील म्हणजे टाच आणि हील म्हणजे बरं होणे. प्रत्येक जोडीत पहिला डबल ई, दुसरा ई-ए.

या चढाईत तीनच ओळखीचे शब्द मध्येच दमून थांबले, ब्रेक म्हणजे मोडणे, ग्रेट, आणि स्टेक म्हणजे तो भाजलेला मांसाचा तुकडा. स्पेलिंग ई-ए चं पण आवाज ए चाच राहिला. आणि थांबले ते अशा ठिकाणी जिथे आधीच दुसरे लोक होते, त्यामुळे मोडण्याचा ब्रेक आणि गाडीचा ब्रेक एक झाले, ग्रेट आणि खिसणे या अर्थाचा ग्रेट एक झाले. गॅरेजवाल्यांच्या बोर्डावर ब्रेक ऑइलऐवजी मोडतोडीचं ऑइल लिहिलेलं दिसतं ते यामुळे. गाडीचा तो ए-के-ई वाला, केक आणि लेक यांच्या घरातला.

तशीच एक रांग ए-आय ची. टेल म्हणजे शेपूट, मेल म्हणजे टपाल, सेल म्हणजे शीड, हे सगळे ए-आय ने लिहितात कारण तिथे खरोखरच दोन स्वर जोडून म्हणायचे, आइ सारखे. त्यांचे जुळे, म्हणजे गोष्ट, पुरुष, विक्री, हे ए आणि शेवटी ई वाले, यांच्यात पूर्वी आ होता. दोघं दोन दिशांनी येऊन ए वर भेटले.

आपल्याकडे हे होतच नाही असं कोण म्हणालं

इंग्रजीला हसताना आपण सोयीस्करपणे विसरतो की मराठीतही हेच चालतं. भाषा या शब्दात षटकोनातला ष लिहायचा आणि आशा मध्ये शहामृगाचा श, बोलताना कोणाच्या तोंडून फरक ऐकलाय का? ऋण मधला ऋ आणि रुपया मधला रु, तेच. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, पाणि म्हणजे हात आणि पाणी म्हणजे पाणी, सुत म्हणजे मुलगा आणि सूत म्हणजे धागा, हे व्याकरणाच्या पुस्तकातले नेहमीचे गडी आहेत आणि सगळे कानाला जवळपास सारखे, कारण मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घ आपण अर्थासाठी पाळतच नाही, शब्दात तो स्वर कुठे आलाय त्यावर आपोआप ठरतं.

एका बाबतीत मात्र आपण इंग्रजांच्या उलट वागलो. पूर्वी नाम वरून आलेलं नांव अनुस्वार देऊन लिहायचे आणि पाण्यात चालणारी नाव अनुस्वाराशिवाय. तो अनुस्वार कोणी उच्चारत नव्हतं, म्हणून १९६२ साली जे शुद्धलेखनाचे नियम सरकारने मान्य केले त्यात असले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. लिहायला सोपं झालं, पण कागदावर नाव आणि नाव एक झाले. इंग्रजांनी त्यांचा अनुस्वार ठेवला असं समजा. लिहिणाऱ्याला त्रास, वाचणाऱ्याला सोय. मला विचाराल तर वाचणारे कायम लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त असतात, त्यामुळे त्यांचा सौदा काही फार वाईट नाही, अर्थात दहावीच्या पोराला हे सांगून पटणार नाही.

काही अक्षरं मुद्दाम घुसवलेली

सगळी सायलेंट अक्षरं जुन्या उच्चाराची आहेत असंही नाही. म्युच्युअल फंडवाले ‘डेट फंड’ म्हणतात, त्या डेटच्या, म्हणजे कर्जाच्या, स्पेलिंगमध्ये एक बी आहे, डी-ई-बी-टी. हा बी इंग्रजीत कधीच कोणी उच्चारला नाही. शब्द फ्रेंचमधून बिनबीचा आला होता, पण मग विद्वान मंडळींना आठवलं की मूळ लॅटिनमध्ये ‘डेबिटुम’ होतं, आणि शब्दाचं खानदान दिसावं म्हणून त्यांनी बी आत कोंबला. बँकेतलं डेबिट त्याच घरातलं. रिसीटमधला पी असाच. आयलंडमधल्या एसची तर कथाच वेगळी, हा अस्सल इंग्रजी शब्द, त्यात एस नव्हता, पण बेट याच अर्थाचा ‘आइल’ हा फ्रेंचकडून आलेला शब्द एस घालून लिहायला लागले तेव्हा लोकांना वाटलं दोघं नातेवाईक असणार, म्हणून यालाही एस लावला. नातं काही नव्हतं. त्याच नादात थिएटरमधल्या, विमानातल्या खुर्च्यांच्या मधल्या वाटेचा आइल, जो मुळात फ्रेंच ‘पंख’ होता, त्यालाही एस चिकटला. तेव्हा विमानात आइल सीट मागताना बेटावरची खुर्ची मागताय असं कानाला वाटू शकतं, दोष आपला नाही.

सन म्हणजे मुलगा, एस-ओ-एन, यातला ओ कुठून आला तेही मजेशीर आहे. आधी तो यूच होता, सूर्याच्या सनसारखाच. पण त्या काळच्या हस्ताक्षरात यू, एन, एम, व्ही ही सगळी अक्षरं छोट्या छोट्या उभ्या काड्यांची बनलेली, एकापुढे एक आली की नुसतं कुंपण दिसायचं, कुठलं अक्षर कुठे संपलं कळायचं नाही. म्हणून लिहिणाऱ्यांनी अशा ठिकाणी यूच्या जागी गोल ओ घालायला सुरुवात केली. सन, कम, सम, लव्ह, मंक, या सगळ्यांत आवाज अ चा आणि अक्षर ओ, त्याचं कारण ते कुंपण. या सनला संस्कृतात सख्खा नातेवाईक आहे, सूनु म्हणजे मुलगा. (आपली सून मात्र सूनुवरून आलेली नाही, ती स्नुषेवरून आली, उगाच जोडायला जाऊ नका.)

संस्कृत निघालंच आहे तर अजून एक. टू म्हणजे दोन, त्यात डब्ल्यू कशाला? तो डब्ल्यू म्हणजे आपल्या द्वि मधला व. एकट्या टू मध्ये तो गळला, पण ट्विन, ट्वेल्व्ह, ट्वेंटी यांच्यात अजून टुणटुणीत आहे. जिथे दोनाचा संबंध तिथे डब्ल्यू, एवढं डोक्यात बसलं की टू-टू-टू चा घोळ संपला. उरले दोन, त्यातला ‘सुद्धा’ किंवा ‘जास्तच’ या अर्थाचा टू डबल ओ घेतो, जास्त म्हणून जास्तीचा ओ.

कोणासाठी सारखे?

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायची, होमोफोनची अशी जगभर चालणारी एकच यादी नसते. लंडनकडच्या माणसाला सॉस आणि सोर्स एकच ऐकू येतात, कारण तिथे स्वरानंतरचा र म्हणतच नाहीत. अमेरिकनाला ते पूर्ण वेगळे, तो र चांगला घोळवतो. पण तोच अमेरिकन, विशेषतः पश्चिमेकडचा, खाटेचा कॉट आणि पकडलेचा कॉट एकसारखे म्हणतो, जे लंडनवाला कधी करणार नाही. स्कॉटलंडमध्ये अजूनही कित्येक जण विच म्हणजे कोणता याला आधी ह लावून ‘ह्विच’ म्हणतात, त्यामुळे चेटकिणीशी त्याची गाठ पडत नाही. थोडक्यात नेटवर जी शंभर जोड्यांची यादी सापडते ती कोणाच्या तोंडाची आहे हे आधी बघावं. आपण र स्पष्ट म्हणणारी माणसं, आपल्याला सॉस-सोर्सची भीती नाही.

आपली भीती वेगळी आहे, आणि ती ए या स्वराची आहे.

पेन, पेन आणि आपण

लिहायचं ते पेन, आणि दुखतं तेही पेन. मराठीत लिहिताना दोन्ही अगदी सारखे, बोलताना आपल्यातल्या बऱ्याच जणांचे सारखेच. पण इंग्रजांच्या कानाला हे दोन शब्द आकाश-पाताळ. त्यांच्याकडे ए दोन आहेत. एक आखूड, तुटक, तोंड जरा उघडं, म्हणजे पेन, गेट म्हणजे मिळणे, टेस्ट म्हणजे परीक्षा. दुसरा लांब आणि घसरता, ए पासून सुरू होऊन इ वर संपणारा, म्हणजे दुखणारा ‘पेइन’, दाराचा ‘गेइट’, चवीचा ‘टेइस्ट’. देवनागरीत ए साठी मात्रा एकच, मराठी तोंडातही ए एकच, मग दोन्ही तिथेच कोंबले गेले.

आणि बघा काय काय कोंबलं गेलंय. टेस्ट मॅच आणि भाजीची टेस्ट. कर्जाचा डेट आणि तारखेची डेट, म्हणजे डेट फंडाची मॅच्युरिटी डेट म्हणताना आपण एकच आवाज दोनदा काढतो. लेट म्हणजे उशीर आणि लेट म्हणजे करू दे. वेस्ट म्हणजे पश्चिम आणि वेस्ट म्हणजे वाया, अंधेरी वेस्टला राहणाऱ्यांनी मनावर घेऊ नये. एज म्हणजे वय आणि एज म्हणजे कडा. सगळ्यात कहर सेल, रिमोटचा सेल, दिवाळीचा सेल, विकणे या अर्थाचा सेल, सगळे सेल, दुकानात ‘सेलवर सेल आहे’ असं वाक्य कोणी म्हटलं तर मराठी माणसाला पटकन कळतं आणि अर्थ लागतो. इंग्रजीत यातले बॅटरीचा आणि विकण्याचा हे दोघेच खरे जुळे, दिवाळीचा सेल त्यांच्यात बसत नाही, तो ‘सेइल’, शिडाच्या जोडीचा.

ॲ आणि ऑ च्या बाबतीत मात्र आपण हुशारी केली. इंग्रजीसाठी म्हणून ती अर्धचंद्राची खूण मराठीने घेतली आणि रोजच्या लिहिण्यात पक्की केली, त्यामुळे बॅट आणि बेट, हॉल आणि होल आपण लिहितानाही वेगळे ठेवतो आणि बोलतानाही. हिंदीत ती बऱ्याच वेळा गाळतात. ए साठी मात्र अशी दुसरी खूण कोणी केली नाही.

दुसरी जागा व ची. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू हे दोन वेगळे आवाज आहेत. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि मधून हवा घासत जाते. डब्ल्यू म्हणताना दातांचा काही संबंध नाही, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करून सोडायचे. आरशासमोर उभं राहून करून बघा, डब्ल्यूच्या वेळी दात दिसले तर तो व्ही झाला. आपला मराठी व या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो, दात हलके टेकतात, घासत नाहीत. मराठी लिहिताना आपण खरं तर फरक करतो, व्हॅन, व्हिडिओ, व्होट हे व्ह ने आणि वॉटर, वायर हे नुसत्या व ने, हिंदीवाले तेवढंही करत नाहीत. पण वाचताना तो ह आपण उगाच फुंकर मारल्यासारखा म्हणतो, दात काही टेकवत नाही. परिणाम काय, तर वेट म्हणजे थांबणे, वेट म्हणजे वजन, वेट म्हणजे ओलं आणि व्हेट म्हणजे जनावरांचा डॉक्टर, चौघं एका बाकावर. यातले थांबणे आणि वजन हे इंग्रजांचेही जुळे आहेत. बाकी दोघांना आपण बसवलं. नाशिककडे जे वाइनयार्ड वाइनयार्ड म्हणतात तो शब्दही व्ही चा आहे, द्राक्षवेलीचा मळा, आणि त्याचा उच्चार ‘व्हिन्यर्ड’च्या जवळ जातो, वाइन त्यात ऐकू येतच नाही.

तिसरी जागा इ-ई ची, शिप-शीप, लिव्ह-लीव्ह. वर म्हटलं तसं ऱ्हस्व-दीर्घ आपण कानाने पाळत नाही, म्हणून इथेही गल्लत होते. एवढंच लक्षात ठेवा की जहाजाचा इ नुसता आखूड नसतो, तो ढिलाही असतो, थोडासा ए कडे झुकलेला. मेंढीचा ई ताणलेला, हसल्यासारखे ओठ करून.

हा फरक का महत्त्वाचा, तर उपाय वेगळे आहेत. जे इंग्रजांचे खरे जुळे त्यांच्यासाठी तोंडाचा कितीही सराव करा, उपयोग शून्य, तिथे फक्त लिहिताना सांभाळायचं. आणि जे आपण केलेले जुळे त्यांच्यासाठी स्पेलिंग पाठ करून काही होत नाही, तिथे दात आणि ओठ हलवायला लागतात. क्लासवाले दोन्ही एकाच यादीत घालतात आणि मग पोरं वजन आणि थांबणे यांचा उच्चार वेगळा करायला बघतात, जो वेगळा नाहीच.

लिहिताना सांभाळायचे काही

शब्द जोडीत पाठ करू नका, त्याच्या घरच्यांबरोबर ठेवा. साइट बघा, मराठीत आपण दिवसभर वापरतो, साहेब साइटवर गेलेत, सरकारी साइट बंद आहे. ही जागेची साइट, सिच्युएटेडच्या घरातली, म्हणून एस-आय-टी-ई. नजरेची साइट जी-एच वाली, लाइट आणि ब्राइट यांच्या शेजारी ठेवली की चुकत नाही, उजेड असेल तरच दिसणार. दाखला देणे या अर्थाची सी ने सुरू होणारी, तिचं घर सायटेशन.

प्रिन्सिपल दोन. पी-ए-एल वाल्याचा अर्थ ‘मुख्य’. शाळेतला मुख्य तो मुख्याध्यापक, कर्जातली मुख्य रक्कम ती मुद्दल, सगळे पी-ए-एल. पी-एल-ई वाला म्हणजे तत्त्व, दुसरं काहीच नाही. होम लोनच्या कागदावर तत्त्व परत करायची तारीख लिहून आलेली असते कधीकधी, तेव्हा समजून घ्यायचं.

स्टेशनरीवर थोडं थांबतो कारण झेरॉक्सच्या दुकानांच्या पाट्यांवर हा शब्द जितका दिसतो तितका कुठे दिसत नसेल. ए-आर-वाय वाला म्हणजे एका जागी स्थिर, हलत नाही असा. ई-आर-वाय वाला म्हणजे वह्या-पेनं. पण दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आलेत. मध्ययुगात बरेच विक्रेते माल घेऊन फिरायचे, पण पुस्तकं आणि लिहायचं सामान विकणारे युनिव्हर्सिटीजवळ, चर्चजवळ ठाण मांडून बसायचे, म्हणून ते ‘स्टेशनर’, ठाण मांडलेले. लंडनमध्ये त्यांची स्टेशनर्स कंपनी नावाची संघटना होती, तिला १५५७ मध्ये राजाज्ञेने सनद मिळाली. तेव्हा पाटीवर ए-आर-वाय लिहिलेलं असेल तर दुकान हलणार नाही एवढी तरी खात्री धरावी. पेपरच्या शेवटी ई-आर, तसाच स्टेशनर, तसंच त्याचं सामान.

देअर तीन आहेत. जागेचा देअर, त्याच्या स्पेलिंगातून पहिला टी काढला की ‘हिअर’ म्हणजे इथे हा शब्द उरतो. व्हेअरमध्येही तोच लपलाय. ‘त्यांचा’ हा देअर व्हायकिंग लोकांनी आणलेला, दे आणि देम त्याच्याबरोबरच आले, त्यात ई-आय. आणि तिसरा दे आर चा जोड, त्यात वर स्वल्पविराम टांगलेला. हा टांगलेला स्वल्पविराम म्हणजे इथून अक्षर गेलं अशी खूण. म्हणून ‘त्याचा’ या अर्थाच्या इट्समध्ये तो येत नाही, काही गेलेलंच नाही तिथे, हिज आणि हर्समध्ये तरी कुठे असतो? इट इज असं फोडून म्हणता आलं तरच टांगायचा.

हॉटेलात कॉम्प्लिमेंटरी ब्रेकफास्ट असतो तो आय वाला, कौतुकाच्या कॉम्प्लिमेंटचा भाऊ. ई वाला कम्प्लीटच्या घरातला, एकमेकांना पूर्ण करणारा. नाटककार हा प्लेराइट, आणि त्याचं स्पेलिंग लिहिण्याच्या राइटवरून होत नाही, कितीही वाटलं तरी. राइट म्हणजे घडवणारा कारागीर असा एक जुना शब्द आहे, चाकं करणारा व्हीलराइट, जहाजं बांधणारा शिपराइट, त्यातलाच नाटक घडवणारा. इंग्रजांना नाटक लिहिण्यापेक्षा ठोकून-ठाकून बनवण्याची गोष्ट वाटली, आणि एखादी तालीम बघितली असेल तर पटतं.

फोन काय ऐकतो

हल्ली टाईप कोण करतंय, फोनला बोलून दाखवायचं आणि तो लिहितो. तो राइट आणि राइट यातला योग्य कसा निवडतो? आवाजावरून तर शक्यच नाही, आवाज एकच आहे. तो आजूबाजूचे शब्द बघतो, टर्न च्या पुढे राइट आला तर उजवीकडचा, लेटरच्या आधी आला तर लिहिण्याचा. त्यामुळे पूर्ण वाक्य बोललं तर खरे जुळे तो बऱ्यापैकी सांभाळतो, आणि आपले मराठी जुळेही कित्येकदा संदर्भाने झाकले जातात, म्हणून आपल्याला कळत नाही की आपण पेन आणि पेन एकच म्हणतोय.

तपासायचं असेल तर संदर्भ काढून घ्या. फोनची भाषा इंग्रजी ठेवा, माइक दाबा आणि वाक्य न बोलता एकच शब्द म्हणा, मध्ये थांबून दुसरा. ओलं वेट, मग जनावरांचा डॉक्टर व्हेट, मग थांबायचं वेट. परीक्षेची टेस्ट, मग चवीची. दुखणं, मग पेन. स्क्रीनवर काय उमटलं ते बघा. थांबायच्या वेटऐवजी वजन उमटलं तर सोडून द्या, ते खरे जुळे आहेत. ओल्याच्या जागी डॉक्टर आला तर पुन्हा आरशासमोर.